वाळल्यावर बघ

काका भिलाईच्या कारखान्यातून २००८ साली निवृत्त झाले, तेव्हा त्यांना निरोपसमारंभात शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. चुका उपटायची पकड मात्र त्यांनी खात्यातल्या एका सुताराकडून स्वतः मागून घेतली. शाल कुणाला तरी दिली गेली, घड्याळ बंद पडलं. पकड अजून रोज हातात असते. सेक्टरमधलं क्वार्टर सोडून काका-काकू रायपूरला, तात्यापाऱ्यातल्या वडिलोपार्जित घरात आले. ट्रकमधून सगळ्यात आधी सोफा उतरला आणि सगळ्यात शेवटी काका उतरले. उरलेल्या सामानाला खरचटलं तरी चालेल, पण सोफ्याला नको, म्हणून ते मागे सामानातच बसून आले होते.

घरच्या घरी सोफ्याचा रंग बदलणारा माणूस कंजूष असतो असा एक गैरसमज आहे. कंजूष माणूस सोफ्याला हातच लावत नाही. वर चादर टाकतो आणि विषय संपवतो. काकांची जात वेगळी. चादर म्हणजे त्यांना फसवणूक वाटते. वस्तूत जीव आहे तोवर ती टाकायची नाही, आणि ठेवायची तर नीट नटवून ठेवायची, हा त्यांचा धर्म. या बाबतीत ते थेट भोसल्यांपर्यंत जातात. आमचे पूर्वज म्हणे बिंबाजी भोसल्यांच्या वेळी नागपूरहून छत्तीसगढात आले. १८५४ साली इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं तरी आपलं घराणं इथून हललं नाही. "टाकून जाणं आपल्या रक्तातच नाही," काका म्हणतात. याला कागदोपत्री पुरावा कोणी मागितलेला नाही. मागितला असता तर त्यांनी सोफा दाखवला असता.

सोफा १९७८ सालचा. तीन माणसांचा एक आणि एकेकट्या दोन खुर्च्या. बस्तरच्या सागवानाचा सांगाडा, आत स्प्रिंगा, त्यावर काथ्या. त्याच्याकडे बोट दाखवून कुणी "जुना झाला हो" म्हटलं की काका गुडघ्यावर बसतात, खालचं गोणपाट वर करतात आणि पाहुण्यालाही खाली वाकायला लावतात. "ढाचा बघा, ढाचा! कपड्याचं काय घेऊन बसलात?" साठीच्या पुढचे कितीतरी सभ्य लोक मी आमच्या बैठकीत जमिनीला गाल टेकवून सोफ्याच्या पोटात बघताना पाहिले आहेत. जॉइंटला खिळा नाही, कूस आहे, हे मान्य केल्याशिवाय त्यांना चहा मिळत नाही.

घरातला इतिहासही याच सोफ्यावर लिहिलेला. मूळचा बाटलीहिरवा; त्या हिरव्यावर मोठ्या ताईचा जन्म. मग मरून रेक्झिन. टीव्हीवरचं 'रामायण' शेजारच्या चार क्वार्टरांनी मिळून पाहिलं ते मरूनवर, उन्हाळ्यात मांड्या चिकटवून घेत. १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगढ वेगळं राज्य झालं तेव्हा सोफा निळ्या मखमलीत होता. काकूंना साल आठवत नाही, रंग आठवतो. "सासूबाई गेल्या ना, तेव्हा मरून चालू होता," असं त्या सांगतात, आणि आम्हाला अचूक कळतं. निवृत्तीच्या सुमाराला त्यावर बदामी रंगाचं जाड सुती कापड चढलं. इथवरचे सगळे बदल कारागिराने केले होते. इथून पुढे काकांनी कारभार हातात घेतला.

रंगाबद्दल त्यांना कोणी शिकवायला जाऊ नये. माणसाने आयुष्य भट्टीजवळ काढलंय. भिलाईची पहिली भट्टी १९५९ च्या फेब्रुवारीत पेटली, त्यानंतर बारा वर्षांनी काका तिथे लागले. लोखंड गडद लाल दिसलं म्हणजे सातशे अंशांच्या आसपास, नारिंगी म्हणजे हजाराकडे, पिवळं म्हणजे त्याच्याही वर, हे त्यांना यंत्राशिवाय कळे. अडचण एवढीच, की लोखंडाचा रंग ते तापवलं की बदलतो आणि थंड झालं की जातो. सोफ्याच्या बाबतीत हे उलटं व्हायला हवं असतं.

तयारी मात्र शास्त्रशुद्ध. काकांच्या शर्टाच्या खिशात काडेपेटी असते. ते विडी पीत नाहीत. कापड दिसलं की ते त्याचा एक धागा उपसतात आणि पेटवतात. कागदासारखा जळून मऊ राख झाली तर सूत. वितळून काळी टणक गोळी झाली तर पॉलिएस्टर. जळक्या केसांचा वास आला तर लोकर नाहीतर रेशीम. परीक्षा बिनचूक आहे, पण जागा चुकते. पंडरीच्या कपडा मार्केटात त्यांनी दुकानाच्या गादीवर बसून तीन थानांचे धागे पेटवले, तेव्हा शेठजी हात जोडून म्हणाले, "कका, पैसे मत दीजिए, बस बाहर जाकर जलाइए." चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात गणपतीच्या दिवसांत कोणाकडे नवा सोफा आल्याची बातमी कानावर आली, की काका दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे दर्शनाला. यजमान प्रसाद आणायला आत गेले की सोफ्याच्या मागे मंद धूर निघतो. "गोळी झाली," ते घरी येऊन काकूंना सांगतात. त्या आवाजात दुःख असतं, पण फार नसतं.

बदामी कापडाची मात्र राख झाली होती, म्हणजे रंग धरणार होतं. काका सहा कुशनांच्या खोळी घेऊन रद्दीवाल्याकडे गेले आणि त्याच्या काट्यावर त्यांचं वजन करून आले, कारण कोरड्या कापडाच्या वजनावर रंग किती हे ठरतं. रद्दीवाल्याने सवयीने भाव सांगितला. मग मेंदी रंग आला, खडेमीठ आलं, धुण्याचा सोडा आला. "मीठ रंगाला कापडाकडे ढकलतं, सोडा त्याला तिथे बांधतो," हे त्यांनी मला, दूधवाल्याला आणि फोनवर पुण्याच्या ताईला सांगितलं. मंडळातल्या एका मावशींनी व्हिनेगर टाकायचा सल्ला दिला तेव्हा काका उसळलेच. "व्हिनेगर लोकर-रेशमाला! सुताला त्याचा काय उपयोग?" एवढं बोलून ते क्षणभर थांबले आणि त्यांची नजर काकूंच्या कपाटाकडे गेली. त्या दिवसापासून काकूंच्या चांप्याच्या कोसा रेशमाच्या साड्या कुलपात आहेत आणि किल्ली कमरेला.

भांड्याचा प्रश्न राहिला होता. सहा खोळी मोकळ्या हलतील एवढा गंज घरात एकच, महालक्ष्म्यांच्या जेवणावळीत आंबाडीची भाजी त्यातच होते. रंगाला वापरलेलं भांडं पुन्हा स्वयंपाकात घ्यायचं नसतं, हे काकांना ठाऊक होतं. हे वाक्य त्यांनी काकूंना सांगितलं ते गंज चुलीवर चढल्यावर.

"काय करून राहिलात तुम्ही हे?"

"अगं, परकिन नावाचा अठरा वर्षांचा पोरगा, साल १८५६. लंडनला, घरातल्याच खोलीत मलेरियाचं औषध करायला बसला आणि जांभळा रंग निघाला. जगातला पहिला रासायनिक रंग म्हणून गाजला तो. कारखाने उभे राहिले त्याच्यावर!"

"त्याच्या आईचा गंज गेला असेल," काकू म्हणाल्या.

नवा गंज आणायला त्या माझ्याबरोबर गोलबाजारात आल्या. भांड्याची किंमत मी इथे देत नाही, पण तेवढ्यात सहा खोळी नव्या शिवून झाल्या असत्या.

खोळी रंगल्या, उत्तम रंगल्या. फक्त शिवण तशीच बदामी राहिली, कारण शिंप्याने दोरा पॉलिएस्टरचा वापरला होता आणि असल्या रंगाला पॉलिएस्टर दाद देत नाही. त्याला जवळजवळ उकळतं पाणी आणि वेगळ्या जातीचा रंग लागतो. मेंदी रंगाच्या खोळींवर बदामी टाक्यांची ओळ उठून दिसू लागली. काकांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, "कॉन्ट्रास्ट." पुढे आलेल्या प्रत्येकाला त्यांनी ते डिझाइन म्हणूनच दाखवलं. शेजारच्या वहिनींनी खरंच तसंच शिवायला टाकलं, तेव्हापासून तर त्यांना कोणी आवरू शकत नाही.

वर्षभराने त्यांना मेंदीचा कंटाळा आला आणि वाइन रंग हवा झाला. इथे मी काही बोललो, पण ऐकलं गेलं नाही. कापडाचा रंग भिंतीच्या रंगासारखा वर बसून खालचं झाकत नाही. तो खालच्यात मिसळतो. फिक्यावरून गडदाकडे जाता येतं, उलट येता येत नाही, आणि हिरव्यावर लाल घातला तर तपकिरीच निघतो. निघाला. गंजातून खोळ वर आली ती ओल्या मातीच्या रंगाची. आम्ही सगळे गप्प. काकांनी ती दोरीवर टाकली आणि आपला मंत्र म्हटला: "ओल्यावर रंग बघू नये. वाळल्यावर बघ."

हा मंत्र आता घराचा झाला आहे. चुलतभावाचं लग्न जुळत होतं तेव्हा पोरगी कशी वाटली विचारलं, तर काकू म्हणाल्या, वाळल्यावर बघू. ताईच्या मुलाचा बारावीचा निकाल लागला, घरात सुतक असल्यासारखी शांतता. काकांनी नातवाच्या पाठीवर हात ठेवला आणि तेच वाक्य म्हटलं. पोरगा त्या दिवसात पहिल्यांदा हसला. एरवी कुणाचं सांत्वन करायला काकांना जमत नाही. रंगाच्या भाषेत जमतं.

वाळवण्यासाठी त्यांचा मुहूर्तही ठरलेला आहे: नौतपा. मेच्या २५ तारखेच्या सुमारास सूर्य रोहिणीत गेला की रायपुरात नऊ दिवस माणसं खिडक्यांना ओले पडदे लावून आत बसतात. रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. काका त्या दिवसांत डोक्याला गमछा बांधून, खिशात कांदा टाकून, सकाळी बासी, म्हणजे पाण्यात ठेवलेला शिळा भात, खाऊन अंगणात उभे. सोफ्याला मोठं काम काढायचं तर याच दिवसांत. एकदा पावसाळा लागला की आतला काथ्या ओला राहतो आणि दिवाळीपर्यंत बैठकीला गोदामाचा वास येतो.

मोठं काम म्हणजे सोफ्याचं अंग. खोळी निघतात, पाठ आणि हात निघत नाहीत, आणि तीन माणसांचा सोफा मावेल असा गंज गोलबाजारातही नाही. (काकांनी विचारलं होतं.) म्हणून तिथे त्यांनी ॲक्रिलिक रंग पाण्यात पातळ केला, कापडावर पाण्याचा फवारा मारून ते ओलं केलं आणि ब्रशाने पातळ हात दिले. एक हात, वाळवण, बारीक पॉलिश पेपर, मग दुसरा हात. पद्धत बरोबर आहे. तीन हातांत थांबलं तर कापड जरा कडक होतं, पण चालतं. काकांना थांबता येत नाही. "फक्त एक हात अजून" हे त्यांचं दुसरं आवडतं वाक्य. शेवटी सोफ्याची पाठ उडदाच्या पापडासारखी झाली. टेकलं की कुरकुर ऐकू येई. रात्री पाणी प्यायला उठलेल्या माणसाने अंधारात सोफ्याला धक्का दिला तर सगळं घर जागं. चोराची भीती गेली, एवढं काकूंनीही मान्य केलं.

आणि रंग निघतो का? तर हो, थोडा निघतो. काका पांढरा रुमाल ओला करून दर रविवारी सोफ्यावर घासतात आणि रुमाल उजेडात धरतात. निकाल सांगत नाहीत, रुमाल खिशात घालतात. त्यावरून घरात पाहुण्यांची एक पद्धत पडली. पांढऱ्या कपड्यांचे पाहुणे प्लास्टिकच्या खुर्चीवर, फिक्या कपड्यांचे दिवाणावर, गडद कपड्यांचे सोफ्यावर. चुलतभावाला बघायला मुलीकडचे येणार होते, तेव्हा काकूंनी फोनवर पत्ता सांगून झाल्यावर अगदी सहज विचारलं, "आणि कपडे कोणते घालून येणार?" पलीकडे मोठी शांतता. पुढे अनेक दिवस त्या मंडळींचा समज होता की आमच्यात काहीतरी कुळाचार आहे. मुलीचे वडील बिचारे सफारी घालून आले. काळी.

हरेलीला, श्रावणाच्या तोंडावरच्या अमावास्येला, छत्तीसगढातले शेतकरी नांगर-कुदळ धुऊन पूजतात, पोरं बांबूच्या गेडीवर चढून गल्लीभर फिरतात. आमच्याकडे शेती नाही. देवघरापुढच्या पाटावर त्या दिवशी पकड, दोन ब्रश, फवाऱ्याची बाटली आणि काडेपेटी असते. गुळाच्या चिल्याचा नैवेद्य. काकू नाक मुरडतात आणि हळदकुंकू स्वतः वाहतात.

मध्यंतरी बस्तरच्या कापडाचंही वेड येऊन गेलं. पनका विणकर आल नावाच्या झाडाच्या मुळीपासून जो तांबूस तपकिरी रंग काढतात, तो त्यांनी पंडरीच्या हाटात एका पाटा साडीवर पाहिला. त्या सुताला एरंडेल चोळावं लागतं, राखेच्या पाण्यात घालावं लागतं आणि हे दिवसचे दिवस चालतं, असं विक्रेत्याने सांगितल्यावर काकांचे डोळे चमकले. पण मुळी घेणार कुठून, या प्रश्नाशी गाडी अडली. घरातलं एरंडेल आम्ही तरीही हलवून ठेवलं.

काकांच्या मुलाला, म्हणजे त्याच चुलतभावाला, हे सगळं लाजिरवाणं वाटे. तो बंगळुरूला असतो. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला त्याने परस्पर एक नवा सोफा पाठवून दिला, क्रीम रंगाचा, इंग्रजी एल आकाराचा, चामड्यासारखा दिसणारा. काकांनी ना विरोध केला ना धागा काढला. काढायला धागा नव्हताच. जुना सोफा मागच्या पडवीत गेला आणि काकाही दिवसभर पडवीत बसू लागले. तीन पावसाळे गेले. मग नव्या सोफ्याला कोड फुटल्यासारखे पापुद्रे सुटायला लागले. उठणाऱ्या माणसाच्या पाठीला क्रीम रंगाचे तुकडे चिकटून बाहेर जात. नकली चामड्यावरचा तो पॉलियुरेथेनचा पातळ थर दमट हवेत हळूहळू तुटत जातो. रंग लावला तर रंगासकट निघतो. काका त्याच्याभोवती दोनदा फिरले, नख लावून पाहिलं आणि मुलाला फोन केला. आम्हाला वाटलं आता ऐकवतील. ते म्हणाले, "बेटा, रंग चांगला निवडला होतास." बस, एवढंच. माझ्या मते आयुष्यात त्यांनी केलेला हा सगळ्यात मोठा खोटेपणा.

जुना सोफा परत बैठकीत आला तो मात्र कारागिराला बोलावून, कारण स्प्रिंगांच्या खालच्या पट्ट्या तुटल्या होत्या. सायकलवरून "सोफा रिपेअर" ओरडत जाणारा एक तरुण काकूंनी खिडकीतून थांबवला. त्याने पाठीवरच्या चुका उपटल्या आणि ओरडला, "कका, एमा त चार ठन कपडा हे!" खरंच होतं. आधीच्या कोणीच जुनं कापड काढलं नव्हतं, काकांनी काढू दिलं नव्हतं. रंगवलेल्या बदामीखाली निळी मखमल, तिच्याखाली मरून रेक्झिन, सगळ्यात खाली तो बाटलीहिरवा, उन्हच न लागल्यामुळे तस्साच. सिरपूरला खोदकामात एकेक थर निघतो तसं सगळं घर भोवती उभं राहून बघत होतं. फटीतून चार आण्याची नाणी निघाली, २०११ पासून न चालणारी. एक केसाची पिन, 'रामायणा'च्या काळातली सुपारी, ताईची हरवलेली बाहुलीची चप्पल. काकूंनी पिन उचलून पदराला पुसली. "मरून होता तेव्हाची," त्या म्हणाल्या.

"नवा कपडा लगवा लव कका, बने लागही," कारागीर म्हणाला. काकांनी त्याच्या नमुन्यांच्या गठ्ठ्यातून एक राखाडी तुकडा निवडला आणि खिशात हात घातला. पोरगा काडेपेटी बघून दोन पावलं मागे सरकला. राख झाली. त्याचंच कापड लागलं, जुने चारही थर काकांच्या आग्रहावरून आतच राहिले, म्हणून सोफा आता भलताच गुबगुबीत आहे. बसल्यावर पाय जमिनीला टेकत नाहीत. राखाडी रंग छान दिसतो. काका अलीकडे त्याच्याकडे मान वाकडी करून बघतात आणि म्हणतात, यावर निळा चढेल.

हिशेब मांडला तर सोफा दर वेळी कारागिराकडे देणं स्वस्त पडलं असतं, हे काकूंचं म्हणणं अगदी खरं आहे. तरीही आपल्या घरी असं कोणी असेल तर त्याच्याशी पैशांवरून वाद घालू नका, उपयोग होत नाही. रंग आणायला निघायच्या आत त्याला सोफ्याच्या खालच्या बाजूचा एक धागा काढून जाळायला लावा. गोळी झाली तर कारागिराला फोन करा. राख झाली, तर आधी मोठा गंज शेजारी ठेवायला द्या.